समुपदेशनाची पहिली भेट झाली. आता उद्दिष्ट ठरवा

मनाच्या आजारासाठी मदत मागणे गेल्या काही वर्षांत सोपे झाले आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा नंबर लावला की दिवसा-रात्री कधीही प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते, मराठीतूनही. ऑक्टोबर २०२४ मध्ये या सेवेचे मोबाइल ॲप आले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना, कोचिंग क्लासेसनाही, किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले.

हे सगळे चांगलेच आहे. पण या सेवांच्या बातम्या आपण वाचतो तेव्हा त्यांत बहुधा एकच आकडा असतो: किती फोन आले, किती जणांचे समुपदेशन झाले. तुमच्या घरातले माणूस बरे होणार की नाही, हे या आकड्यावरून कळत नाही. ते दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या भेटीला गेले का, आणि आपण कशासाठी जात आहोत हे त्यांना माहीत होते का, यावर बरेच काही ठरते.

माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न रोज दिसतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, ॲसिडिटी जात नाही, अंगात ताकद नाही अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतात. तपासण्या नॉर्मल येतात, मनावर ताण आहे हे लक्षात येते, मी त्यांना समुपदेशकाकडे पाठवतो. महिन्याने विचारले की उत्तर येते, “दोनदा गेलो डॉक्टर, नुसते बोलतात. मग सोडून दिले.”

असे का होते आणि ते कसे टाळता येईल, हे या लेखात पाहू.

दारापर्यंत पोहोचणे आणि उपचार पूर्ण होणे

निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. म्हणून सरकारचा पहिला भर लोकांना मदतीच्या दारापर्यंत आणण्यावर आहे, आणि ते योग्यच आहे.

हे दार उघडता येते, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेले. यश मोठे होते, तरी चारातले तीन जण बाहेरच होते.

आता दार उघडल्यानंतरचे पाहू. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला आरोग्य केंद्राचे नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर सहा ते आठ समुपदेशन सत्रे मिळाली. ही सत्रे घेणारे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. ते गोव्यातलेच साधे सुशिक्षित लोक होते, त्यांना खास प्रशिक्षण दिले होते. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के लोकांचे नैराश्य आटोक्यात आले होते. समुपदेशनाच्या गटात हे प्रमाण ६४ टक्के होते.

या सत्रांत फार गूढ काही नव्हते. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो, त्यामुळे अजून उदास होतो, हे चक्र रुग्णाला समजावून सांगायचे. मग त्याच्याच आयुष्यातली, त्याला महत्त्वाची वाटणारी छोटी कामे निवडायची. ती पुढच्या भेटीपर्यंत करून पाहायची. पुढच्या भेटीत काय जमले, काय नाही, यावर बोलायचे. बरे वाटण्यातला मोठा वाटा या कामांना पुन्हा हात घालण्यातून आला, असे संशोधकांना नंतर आढळले.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही असे काम झाले आहे. पुण्याच्या ‘सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी’ या संस्थेने ‘आत्मीयता’ हा उपक्रम २०१३ ते २०१५ या काळात जिल्ह्यातल्या ४१ गावांत राबवला. गावातलेच विश्वासाचे स्त्री-पुरुष निवडून त्यांना समोरच्याचे नीट ऐकून घेणे, अडचणीचे तुकडे करून एकेक सोडवणे, बंद पडलेली कामे पुन्हा सुरू करणे, हे शिकवले. ते ठरावीक भेटी घेत आणि गरज असेल तर सरकारी योजनेचा लाभ मिळवून द्यायलाही मदत करत. पुढे हाच उपक्रम गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेला.

गोवा आणि नाशिक, दोन्ही ठिकाणी भेटींची संख्या साधारण ठरलेली होती, भेटीतून घरी न्यायचे काम ठरलेले होते आणि पुढच्या भेटीत त्याचा हिशेब होता. एवढे असेल तर माणूस टिकतो. “येत राहा, बोलू” एवढेच असेल तर तो दोन भेटींत कंटाळतो. त्यात त्याचा आळस शोधू नका.

लोक मध्येच का सोडतात

तुमच्या घरात असे झाले असेल तर यातले कोणते कारण होते, ते पाहा.

• तापावरच्या इंजेक्शनसारखा लगेच गुण येईल अशी अपेक्षा होती. समुपदेशकाची पहिली भेट बहुतेक माहिती घेण्यातच जाते.
• आजारच आड आला. नैराश्यात उत्साह, एकाग्रता आणि “याने काही होईल” हा विश्वास कमी होतो. उपचाराला जाण्यासाठी नेमके हेच लागते.
• उद्दिष्ट दुसऱ्याचे होते. बायकोने, वडिलांनी किंवा शाळेने पाठवले म्हणून माणूस गेला.
• दोन भेटींत हलके वाटले, म्हणून गरज संपली असे वाटले.
• खर्च आणि वेळ परवडला नाही. सुरगाण्याहून किंवा पेठहून नाशिकला यायचे तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात.
• समुपदेशकाशी सूर जुळला नाही.

शेवटची दोन कारणे अनेक जण संकोचाने सांगत नाहीत. ती समुपदेशकाला सरळ सांगा. काही भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर होऊ शकतात. समुपदेशक बदलणे हाही तुमचा हक्क आहे.

उद्दिष्ट कोणाचे?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. उपचार घेणारा आणि देणारा यांच्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कुठे पोहोचायचे याबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचे याबद्दल एकमत, आणि एकमेकांवर विश्वास. आपल्याकडे विश्वासाबद्दल खूप बोलले जाते. पहिल्या दोन गोष्टी राहून जातात.

याला आपल्या घरांची रचनाही कारणीभूत आहे. रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक येतात आणि बोलणे तेच सुरू करतात. समजा, नीटची परीक्षा दुसऱ्यांदा देणारी मुलगी आहे. आई-वडिलांचे उद्दिष्ट आहे, “तिचे अभ्यासात लक्ष लागावे.” मुलीला मात्र रात्री झोप हवी आहे आणि पेपर समोर आला की पोटात येणारा गोळा थांबायला हवा आहे. समुपदेशकाने फक्त आई-वडिलांचे ऐकले तर मुलीला ती भेट आणखी एक क्लास वाटेल. झोपेपासून सुरुवात केली तर ती पुढच्या वेळी स्वतः येईल. अभ्यासाचेही त्यातूनच काही तरी होईल.

म्हणून नातेवाईकांना माझी विनंती आहे. पहिल्या भेटीत तुमची काळजी पाच-दहा मिनिटांत सांगा आणि मग बाहेर बसा. आत काय बोलणे झाले, हे घरी खोदून विचारू नका.

मोठ्या इच्छेचे छोटे काम कसे करावे

“टेन्शन जावे”, “पूर्वीसारखे व्हावे” या इच्छा खऱ्या असतात, पण त्या पूर्ण झाल्या की नाही हे कसे कळणार? उद्दिष्ट असे हवे की दोन आठवड्यांनी ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ असे सांगता यावे.

समजा, निफाडकडचे ४८ वर्षांचे द्राक्ष बागायतदार आहेत. अवकाळीने माल गेला, कर्ज डोक्यावर आहे, झोप नाही, बागेत जायची इच्छा नाही. त्यांच्या बाबतीत “चिंता करू नका” या वाक्याला काहीच अर्थ नाही, कारण कर्ज खरे आहे. दोन आठवड्यांचे काम असे ठरू शकते:

• रोज सकाळी बागेत वीस मिनिटे चक्कर. कामाची सक्ती नाही.
• कर्जाचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावणे. त्यासाठी मुलाची मदत घेणे.
• बँकेत एकदा जाऊन मुदत वाढवण्याबद्दल विचारणे. भाऊ सोबत असेल.
• रात्री जेवणानंतर मोबाइलवर बाजारभाव पाहणे बंद.

यातली दोन कामे जमली तरी पुढच्या भेटीत बोलायला काही तरी ठोस असते. चारही जमली नाहीत तर काम मोठे ठरले होते. ते निम्मे करायचे, माणसाला बोल लावायचा नाही.

सुरुवातीला काम इतके लहान ठेवा की वाईट दिवशीही जमेल. आंघोळ करून अंगणात बसणे, मैत्रिणीला एक फोन, देवळापर्यंत चालत जाणे, एवढेही पुरे. कामे वहीत लिहा. नैराश्यात चांगले झालेले लक्षात राहत नाही. वही असली की महिन्यापूर्वी आपण कुठे होतो ते डोळ्यांना दिसते.

फरक मोजता येतो

मधुमेहात आपण साखर मोजतो. नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. ती मराठीतही उपलब्ध आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस त्रास झाला, यावर प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण मिळतात. एकूण गुण २७ पर्यंत जाऊ शकतात. १० किंवा अधिक गुण आले तर नीट तपासणी हवी, २० किंवा अधिक म्हणजे त्रास तीव्र. दोन मोजण्यांमध्ये साधारण पाच गुणांची घट झाली तर ती खरी सुधारणा मानतात. स्वतः गुण काढून स्वतःच निदान करू नका, पण डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना “माझे गुण गेल्या वेळी किती होते, आता किती?” हे जरूर विचारा.

चार-पाच भेटींनंतर थांबून आढावा घ्या. गुण हलत नसतील तर “माझ्यातच दोष आहे” असे समजू नका. गोव्याच्या अभ्यासातही समुपदेशन घेतलेल्या तीनपैकी साधारण एकाचे नैराश्य तीन महिन्यांत आटोक्यात आले नव्हते. अशा वेळी उपचार बदलायचे असतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-१२, साखर तपासलेली नसेल तर तपासावी. दारू किंवा इतर व्यसन लपलेले आहे का, घरात मारहाण होते आहे का, हेही पाहावे लागते. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन औषधांचा विचार करावा लागतो. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ती मनाने सुरू किंवा बंद करू नयेत.

उत्साह आधी येत नाही

“मनच लागत नाही, मग कसे करू?” हा प्रश्न प्रामाणिक आहे. नैराश्यात उत्साहाची वाट पाहत बसलो तर तो बहुधा येत नाही. आधी छोटे काम, मग थोडे बरे वाटणे, मग पुढचे काम, असा क्रम असतो.

व्यसनात प्रश्न थोडा वेगळा असतो. तिथे माणसाला एकाच वेळी सोडायचेही असते आणि नकोही असते. विल्यम मिलर यांनी १९८३ पासून आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत समुपदेशनाची एक पद्धत मांडली. तिचा गाभा असा की समोरच्याला बदलाची कारणे आपण ऐकवायची नाहीत, ती त्याच्या तोंडून येऊ द्यायची. “दारू वाईट आहे” हे त्याने हजारदा ऐकलेले असते. “तुम्हाला स्वतःला यातले काय खटकते?” या प्रश्नावर तो कदाचित म्हणेल, “सकाळी हात थरथरतो, मुलगी जवळ येत नाही.” त्याचे उद्दिष्ट तिथून सुरू होते.

याच पद्धतीवर आधारलेली जास्तीत जास्त चार सत्रे गोव्यात घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांना दिली गेली. तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. फरक आहे, पण व्यसन चार भेटींत सुटेल असे कोणी सांगत असेल तर हे आकडे लक्षात ठेवा. पुन्हा एकदा पिणे झाले म्हणजे सगळे फुकट गेले असे नसते. काय घडल्यावर प्याले गेले, हे पुढच्या भेटीत सांगणे उपयोगाचे असते.

एक सावधगिरी मात्र हवी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी अचानक बंद करू नका. त्याने फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा.

घरच्यांनी काय करावे

• “किती दिवस चालणार हे?” याऐवजी “या आठवड्याचे काम कोणते आहे, मी काय मदत करू?” असे विचारा.
• जे जमले त्याची नोंद घ्या. “आज चालून आलात” एवढे पुरे. जास्त कौतुकानेही दडपण येते.
• शेजारच्या अमुकशी किंवा आधीच्या पिढीशी तुलना करू नका.
• पुढच्या भेटीची तारीख कॅलेंडरवर लिहा, जाण्या-येण्याची सोय करा.
• घरच्या वादात “तुझ्या काउन्सेलरला सांग” असे टोमणे मारू नका.
• तुम्हीही थकता. काळजी घेणाऱ्यालाही १४४१६ वर बोलता येते.

व्यवस्थेकडे काय मागावे

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार रुग्णाला आपला आजार काय आहे आणि कोणते उपचार योजले आहेत, हे जाणून घेण्याचा हक्क आहे. माहिती गोपनीय राहण्याचाही हक्क आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा द्यावा, असे हा कायदा विमा कंपन्यांना सांगतो. तेव्हा “माझ्या उपचारांचा आराखडा सांगा” असे म्हणताना संकोच वाटू देऊ नका.

हेल्पलाइन असो, कॉलेजचा समुपदेशन कक्ष असो की सरकारी रुग्णालय, त्यांच्या अहवालात आणखी दोन आकडे यायला हवेत: पहिल्यानंतर किती जण पुन्हा आले, आणि किती जणांचा त्रास मोजून कमी झाला. पेशंट आला नाही तर एक फोन करून विचारण्याची सोय हवी. शंभर विद्यार्थ्यांमागे समुपदेशकाची पाटी लागली, पण भेटीला वेळच मिळत नाही, असे झाले तर आदेश कागदावरच राहील. पालक सभेत, ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत हा प्रश्न तुम्ही विचारू शकता.

पुढच्या भेटीला जाताना

हे पाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या:

१. आपण नेमके कशावर काम करत आहोत?
२. साधारण किती भेटी लागतील?
३. पुढच्या भेटीपर्यंत माझे काम कोणते?
४. फरक पडतो आहे हे आपण कशाने मोजणार?
५. फरक पडला नाही तर पुढचे पाऊल काय?

चांगल्या समुपदेशकाला हे प्रश्न आवडतील. उत्तरे एकदम पक्की नसली तरी चालेल, ती दोघांनी मिळून शोधायची आहेत.

हे थांबवून ठेवू नका: जगणे नको वाटणे, स्वतःला इजा करण्याचे विचार, फवारणीचे औषध किंवा दोर जवळ ठेवणे, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे बोलणे, अशी कोणतीही खूण दिसली तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, घातक वस्तू दूर करा, १४४१६ वर फोन करा. धोका तातडीचा वाटला तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात थेट घेऊन जा. “आत्महत्येचा विचार येतो का?” असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कोणी तरी विचारले याचाच आधार वाटतो.